‘ये’ची वंशावळ

१२ जून, बुधवार

डॉ. एग्यिर येऊन गेला. एकेकाळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून पेन्सिलीची टोकं चघळायचा. आता कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतो आणि मला म्हणतो, "मॅडम, जरा सोपं करून सांगतो." सांग बाबा!

तक्ता घेऊन आला होता. सगळ्या तक्त्यात एकच क्रियापद — येणे. आमची फांते: बा. अक्राचे गा लोक: बा. व्होल्टा नदीपलीकडे एवे: वा, दात ओठावर टेकवून. नायजेरियात योरुबा: वा, पण ओठ गोल करून. इग्बो: बिया. वर उत्तरेला मोसी, तेही 'वा'च म्हणतात. बंबारांचं 'ना' आहे, ते या कुळातलं नाही. बाकी सगळे एकाच आजीचे नातू. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी दारात उभं राहून कोणाला तरी हाक मारली असणार. मुलं पांगली, ओठ बदलले, शब्द तोच.

एक रकाना रिकामा. अफुम्पा.

"तुमच्या आईचं गाव ना ते, मॅडम? तुम्हाला येत असेल की भाषा."

नाही येत. वडील हेडमास्तर. घरात इंग्रजी किंवा फांते. आई अफुम्पाची भाषा फक्त कोंबड्यांशी बोलायची.

किनाऱ्यावरचं एवढंसं गाव, चारी बाजूंनी फांते. खणखणीत बोलणारी म्हातारी माणसं आता हाताच्या बोटांवर. जुलैअखेर तक्ता छापायला जायचा आहे. हो म्हटलं. नाहीतरी केप कोस्टात बसून दिवसभर काय करते मी? व्हरांडा झाडते. मग परत झाडते.

१३ जून

कार्डं आणली, पन्नास. पट्टीने रेघा मारल्या. मी, तू, ती. आता, काल, उद्या. बरं वाटलं.

१६ जून, रविवार

चर्चनंतर मानान आली. मावसबहीण — म्हणजे आमच्यात बहीणच. खुर्चीत बसायच्या आधीच तोंड सुरू.

"ताई, अराबाचं कळलं. टमालेत आहे, पार उत्तरेला. शिवणाचं दुकान आहे तिचं. आणि ऐक — मुलगी झालीय. तीन वर्षांची! नंबर आहे माझ्याकडे. देऊ?"

मी म्हटलं, चहात साखर किती घालू?

"तू आई आहेस की पोलीस ठाणं गं?"

नंबर घेतला नाही. माझी मुलगी लिहून गेली आहे. लिहिलेलं मी पाळते. पस्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं.

मानान गेल्यावर शब्दकोश काढला. चिठ्ठी त्यातच असते. वहीतून फाडलेला कागद, मोठी अक्षरं, एकच शब्द. म्बा.

येऊ नका.

सही नाही, तारीख नाही. तारीख मला पाठ आहे. आई गेली, तिचा चाळीसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी. अकरा वर्षं होतील ऑगस्टात.

भांडण कशावरून? गाण्यावरून! अराबाला आजीसाठी अफुम्पाच्या भाषेतला विलाप म्हणायचा होता. अंत्यविधीला पाद्री, हेडमिस्ट्रेस, शिक्षणखात्याची माणसं बसलेली. मी म्हटलं, इथे मासळीबाजार भरवायचा नाही, फांते स्तोत्र होईल. झालं. ती काही बोलली नाही. चाळीस दिवस बोलली नाही. मग चिठ्ठी.

ती सात वर्षांची होईपर्यंत आजीकडे होती. माझी नेमणूक लांब, नवरा वारलेला, दुसरा मार्ग नव्हता. घरी आणली तेव्हा फांते धड बोलत नव्हती, सगळं अफुम्पाचं. मी शाळेतली पाटी घरी आणली. 'मी गावठी बोलले' — लाकडी पाटी, दोरी लावलेली. गळ्यात. तीन महिन्यांत भाषा सुटली. मी शाळेत अभिमानाने सांगायचे.

चिठ्ठी मिळाली त्याच आठवड्यात मागच्या फाटकाचं कुलूप बदललं. नवं, पितळी, जड. अराबा नेहमी मागूनच यायची-जायची, जुनी किल्ली तिच्याकडे होती. येऊ नका म्हणणाऱ्याला आमच्या घराची किल्ली कशाला? पुढच्या दाराची मी कधी कोणाला दिलीच नाही. तेव्हापासून मागचं फाटक बंद. मी पुढून जाते-येते. एकटीला दोन दारं लागत नाहीत.

१८ जून, मंगळवार

अफुम्पा. मुद्दाम मंगळवार धरला. मंगळवारी समुद्रावर जायचं नाही, म्हणून सगळे सापडतात. पुरुष जाळी दुरुस्त करत बसलेले.

बोतवे आजीकडे पाठवलं मला. आठवं मूल म्हणून बोतवे. आधीचे सात गेले, ही उरली. वय कोणाला माहीत नाही. "गोरा राजपुत्र आला होता तेव्हा मला दात येत होते की पडत होते, यावर घरात वाद आहे," म्हणाली. माझ्याशी फांतेतच बोलते, फार चांगली नाही पण कळते.

"तू कुणाची?"

आईचं नाव सांगितलं.

"हां, ती! शाळामास्तराने पळवली ती! मग तू आपली भाषा का बोलत नाहीस? जीभ गहाण टाकलीस की काय?"

मी कार्ड काढलं. लांबच्या माणसाला बोलावायचं असेल तर काय म्हणता? म्हातारी म्हणाली, लांब कोण आहे? मी म्हटलं, समजा. म्हणाली, समजा कशाला, तो बघ तिथे माझा मेला जावई बसलाय — आणि हात तोंडाशी नेऊन अशी हाक मारली की तीन जावई उठले.

"बा!"

मिळालं! कार्डावर लिहिलं. 

ती केंके खायला बसली होती, पानात बांधून शिजवलेला आंबवल्या मक्याचा गोळा. पान सोडलं, माझ्याकडे बघून पुन्हा तोच शब्द, या वेळी हळू. "बा. हात घाल." आपण जेवताना समोरच्याला बोलावायचंच असतं, आणि समोरच्याने म्हणायचं असतं, माझा हात त्यातच आहे. मी म्हटलं, जेवून आले.

जेवून आले नव्हते.

२० जून

एग्यिरला कार्ड दाखवलं. वाटलं, खूश होईल.

"नुसतं 'बा' पुरत नाही, मॅडम. चहूकडून फांते, त्यांच्याकडून उचललेलं असेल. शब्द उसना घेता येतो, पण चालवायची रीत सहसा घरची असते. सगळी रूपं आणा. मी येते, तू येतोस, ती आली. 'मी' कसं जोडतात तेच महत्त्वाचं."

बरोबर आहे त्याचं. मला सुचायला हवं होतं. मी त्याला काय शिकवलं होतं? फांतेत 'बा' म्हणजे ये आणि 'बा' म्हणजे मूलही. फरक फक्त सुराचा. फळ्यावर लिहायचे मी: कागदावर सूर दिसत नाही, कागदावर विश्वासू नका. पोरं 'मूल आलं' हे वाक्य म्हणून म्हणून हसायची. बा आबा, बा आबा!

वर्ग आठवला. घर फार शांत आहे आज.

२५ जून

कोणी आलं नाही. मीही कोणाकडे गेले नाही. या क्रियापदाला आज काम नव्हतं.

२८ जून

मानानचा फोन. नंबर पुन्हा देऊ करते. म्हणते पोरीचं नाव ईसी ठेवलंय.

ईसी माझं नाव आहे. म्हटलं, रविवारी जन्मली असेल, रविवारी जन्मलेल्या सगळ्याच ईसी. त्यात काय! मानान म्हणाली, "गुरुवारी जन्मलीय ती, ताई. गुरुवारची आबा होते. तुझ्यावरून ठेवलंय." आणि फोन ठेवला तिने. तिने ठेवला! माझ्यावर!

नाव ठेवायचं आणि दार लावायचं. ही कुठली रीत?

२ जुलै, मंगळवार

रागाने लिहिते आहे, म्हणून अक्षर खराब.

पुन्हा अफुम्पा. दोन तास खच्चून भरलेल्या ट्रोट्रो गाडीत, मांडीवर कोणाचीतरी कोंबडी. बोतवे आजीच्या अंगणात स्टुलावर बसले, कार्डं मांडली. विचारलं, 'मी येते' कसं म्हणता? म्हातारी म्हणे, कुठून येते? बाजारातून? समुद्रावरून? मी म्हटलं, कुठूनही. म्हणे, कुठूनही कोणी येत नसतं.

अर्धा तास हेच. मी जरा जोरात बोलले असेन. म्हणाली, "मास्तराची लेक शोभतेस." मग एकदम उठली, काठी घेतली, आतल्या खोलीकडे निघाली. मीही उठले, आधाराला म्हणून. तर वळली, माझ्याकडे बोट केलं आणि स्पष्ट म्हणाली —

"म्बा."

येऊ नकोस! शेजारणींच्या देखत. जाळी विणणाऱ्यांच्या देखत. तोच शब्द.

मी कार्डं गोळा केली. निघाले. मागून कोणीतरी "टीचर! ओ टीचर!" करत होतं, वळून बघितलं नाही. मला एकदा सांगितलेलं कळतं.

ट्रोट्रोत डोळ्यांत धूळ गेली.

३ जुलै

एग्यिरला कळवलं, रकाना रिकामा सोड. कारण विचारलं, सांगितलं नाही. "मॅडम, ती गेली की भाषा गेली. तुमच्या आईची भाषा आहे." मी म्हटलं, माझी आई कोंबड्यांशी काय बोलायची हे जगाला कळलं नाही तरी चालेल.

फोन ठेवल्यावर आठवलं, ती कोंबड्यांना 'बा-बा-बा' असंच बोलवायची.

७ जुलै, रविवार

मानान आली नाही. चहा दोन कप केला होता. दोन्ही मीच प्यायले.

८ जुलै

एग्यिरचा निरोप आला. म्हातारीच्या नातीने त्याला फोन केला: टीचरबाई त्या दिवशी न जेवता गेल्या म्हणून आजीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलंय. उद्या आल्या नाहीत तर काठी टेकत आपणच केप कोस्टला येईन म्हणते.

न जेवता गेले म्हणून? तिनेच तर —

जाते उद्या. तिला काय म्हणायचंय ते तोंडावर म्हणू दे.

९ जुलै, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहायचं. क्रमाने.

अंगणात पाय टाकला तर म्हातारी दारातूनच ओरडली, "आली पळपुटी! गेल्या मंगळवारी कुठे उडालीस? मासा घेऊन बाहेर येते तर स्टूल रिकामं! माझ्या उभ्या जन्मात माझ्या दारातून कोणी उपाशी गेलं नव्हतं. तू माझी शरम काढलीस!"

मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात, म्बा.

"म्हणाले मग! म्बा म्हणाले, आत गेले, मासा भाजून आणला."

"म्बा म्हणजे येऊ नकोस."

 म्हातारी हसायला लागली. दात नाहीत, सगळं तोंड हसतं. शेजारणीला हाक मारली, "अगं ऐक, ऐक, ही काय म्हणते!" तिने दुसरीला सांगितलं. जाळीवाल्यांपर्यंत गेलं. जावई मांड्यांवर थापा मारून हसले.

"अगं बाई, ते तुमच्या फांतेत! तुमच्याकडे 'म' लावला की नकार. आमच्याकडे 'म' म्हणजे मी. म्बा — येते मी! घराबाहेर पडताना म्हणतोच ना आपण. 'जाते' असं कोण म्हणतं? जाते म्हटलं की माणूस गेलंच. म्बा म्हणायचं आणि निघायचं. ज्याला सांगितलं त्याने बसून राहायचं. तू बसून राहायचंस, बये!"

मी कार्डावर लिहिलं. उत्तम पुरुष, एकवचन: म्बा. 'मी' साठी नुसता मिटल्या ओठांचा म. फांतेत असं नाही. म्हणजे उसना शब्द नव्हे, घरचाच. एग्यिरचं काम झालं.

तू: मिळालं. लिहिलं.

'ती आली' विचारायचं होतं. कार्ड पालथं ठेवलं.

म्हातारीचं हसू थांबलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. केंकेचं पान सोडलं, मासा मधोमध मोडला, वाटलेली मिरची माझ्या बाजूला सरकवली. "बा," म्हणाली.

मी म्हटलं, माझा हात त्यातच आहे. आणि जेवले.

'ती'ची ओळ रिकामी राहिली.

१० जुलै

चिठ्ठी टेबलावर आहे. सकाळपासून.

म्बा.

तिने आजीच्या भाषेत लिहिलं होतं. चाळीस दिवस ज्या भाषेवरून अबोला धरला, त्या भाषेत. मी फांतेत वाचलं. माझ्या घरात ती भाषा बोलायला बंदी होती, मग चिठ्ठी तिच्यात असेल असं मला कसं सुचणार? पाटी मीच घातली होती ना गळ्यात. पाटी घालायची आणि मग म्हणायचं, मला ऐकू आलं नाही.

जाणाऱ्याने येते म्हणायचं. ज्याला सांगितलं त्याने बसून राहायचं.

मी कुलूप आणायला गेले.

नाही — घाई करायची नाही. पुरावा काय? एक कागद, सूर नाही. दोन्ही वाचनं शक्य आहेत. माझ्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं असतं. कदाचित तिला 'येऊ नका'च म्हणायचं असेल. फांते तिला मीच शिकवली होती, चोख. 'येते' म्हटली म्हणून खरोखर परत येणार होती असंही नाही. लोक म्हणतात येते आणि येत नाहीत.

तशी ती कुठे आली?

११ जुलै

मानानला फोन केला. नंबर मागितला.  ती म्हणाली, "थांब, पेन घे," आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. मी दोनदा वाचून दाखवले.

आकडे समोर आहेत. केला नाही. पहिला शब्द कुठल्या भाषेतला? इंग्रजीत मी फक्त रागावते. फांतेत मी मोडता घालते. तिसरीत मला तीन शब्द येतात.

एक करता येईल. जुनं कुलूप अजून ड्रॉवरमध्ये आहे, जास्तीच्या किल्लीसकट. मी काही टाकत नाही. ते मागच्या फाटकाला परत लावायचं. मग फोन करून सांगायचं, तुझी किल्ली चालेल. एवढं वाक्य मला म्हणता येईल.

पितळी कुलपात किल्ली जातच नाही. अकरा वर्षं खारा वारा, गंजलं असणार. उद्या कुलूपवाल्या इसाकाला बोलावलंय.

१२ जुलै, शुक्रवार

इसाकाने कुलूप कापून काढलं. गंज नव्हता. "आत काहीतरी अडकलंय, टीचर," म्हणाला, आणि पायरीवर आपटलं. किल्लीचं मोडलेलं टोक पडलं. जुन्या कुलपाची किल्ली शेजारी धरून पाहिली. दातान् दात जुळले.

कार्डाची रिकामी ओळ भरली. तृतीय पुरुष, एकवचन, भूतकाळ:

ती आली होती.